दिव्यानीचं सुतक

बापूजी पहाटे गेला. ऊन अंगणात येईपर्यंत दिव्यानीले कळून चुकलं का या घरात आपण कोनीच नाई.

घरात बायका बसल्या होत्या. बापूजीची बायको गोकुळा भिंतीले टेकून. तिच्या बाजूले पोरगी उर्वशी. अन् सून रुपाली, जी नवऱ्यासंगं आदल्या दिवशीच राजुऱ्याहून आली होती, सासऱ्याची तब्येत लय बिघडली म्हणून. दिव्यानी उर्वशीच्या बाजूले बसाले वाकली, तेवढ्यात रुपालीनं तोंडावरचा पदर बाजूले केला. रडून बसलेला तिचा आवाज एकदम साफ झाला.

"तू काऊन बसून राह्यली वं दिव्यानी? आमाले सुतक हाय. तुले थोडंच हाय. लोकं येऊन राह्यले, आशाबाईच्या चुलीवर चाय ठेव जा."

सुतक म्हणजे ढिवराच्या घरी खेळ नाई. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरच्याइचे हात दहा दिवस कशालेच लागत नाई. चूल पेटवाची नाई, देवाले हात लावाचा नाई, जाळ्याले नाई, अन् तलावाच्या पाण्यात तर पायबी टाकाचा नाई. सुतकाचा पाय पाण्यात पडला का मासा तळाले जाऊन बसते म्हणते. तेवढे दिवस सगळं बाहेरचे लोकं करते. भात शेजारचा, पाणी शेजारचं, चाय शेजारची.

अन् रुपालीनं दिव्यानीले शेजाऱ्यात टाकून देल्लं. भाजी निवडताना किडका वांगा बाजूले टाकावा तसं.

दिव्यानीनं उर्वशीकडे पाह्यलं. उर्वशीचं डोकं बापाच्या पायापाशी होतं, तिले काही आयकू येत नव्हतं. मंग दिव्यानी उठली. बाजूच्या घरी आशाबाई राहे, म्हातारी, एकटी. तिच्या चुलीवर गंजभर चाय ठेवली. चाय उतू गेली तरी दिव्यानीले दिसली नाई. आशाबाईनंच फडक्यानं गंज उतरवला.

"आशाबाई, मले सुतक नाई म्हणते."

"मंग चांगलंच हाय ना बापा. दहा दिवस कोरडं डोकं घेऊन बसा लागत नाई."

"चांगलं हाय?"

आशाबाईनं तिच्या तोंडाकडे पाह्यलं अन् कप मांडाले लागली.

आता दिव्यानी कोन, हे सांगा लागते. मूळची राजुऱ्याकडची. बापाची कापसाची वावरं. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे, मास्तर म्हणे पोरीसारखी बस, अन् ही दप्तर तिथीच टाकून निघाली ते परत गेलीच नाई. घरी पोरं पाहाले सुरुवात झाली तशी घरूनबी निघाली. घुग्घुसले पंक्चरच्या दुकानात लागली. कोळशाच्या ट्रकचा टायर आपटून रिंगवरून काढणारी पोरगी पाहाले ड्रायव्हर लोकं मुद्दाम गाडी थांबवत. कोनी जास्त बोललं का ती लोखंडी टामी हातात घेऊन इचारे, "हवा टायरात भरू का तुह्यात?"

उर्वशी तिथीच एका खानावळीत स्वयंपाक करे. शिफ्टवाले लोकं जेवाले येत. पहिल्या दिवशी दिव्यानीनं मासोळीच्या रश्श्यात मीठ जास्त म्हटलं. उर्वशी म्हणे, ढिवराच्या पोरीले मासोळी शिकवू नको, टायर खोल. तिथून सुरू झालं. पुढं एका खोलीत राहाले लागल्या. मार्कंड्याच्या जत्रेत उर्वशीनं डोरलं पसंत केलं, दिव्यानीनं तिच्या गळ्यात बांधलं, अन् दोघीनं महादेवाले सांगून टाकलं. महादेवानं काही हरकत घेतली नाई. बाकी सगळ्याइनं घेतली.

मंग बापूजीले लकवा झाला. उजवं अंग गेलं. पोरगा प्रफुल सिमेंटच्या कारखान्यात, तो म्हणे मले सुटी भेटत नाई. गोकुळाच्यानं म्हातारा उचलल्या जात नव्हता. मंग या दोघी घुग्घुसची खोली सोडून इथी आल्या, गडचिरोलीच्या अलीकडं, या तलावाच्या काठच्या टोल्यावर, ढिवराच्या वस्तीत. दिव्यानीनं फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं.

पहिल्या वर्षी बापूजी तिच्या हातचं पाणी पेत नव्हता. गिलास देल्ला का डाव्या हातानं फेकून दे. एक दिवस उर्वशी औषध आणाले गेली, गोकुळा वावरात, अन् म्हाताऱ्यानं अंथरुणातच केलं. दिव्यानीनं त्याले उचललं, धुतलं, पुसलं. तो सगळा वेळ शिव्या देत होता. तिनंबी देल्ल्या. एकास एक. शेवटी म्हातारा अर्ध्या तोंडानं हासाले लागला. त्या दिवसापासून दोघाइचं जमलं. शिव्या द्याले बरोबरीचं माणूस भेटलं होतं त्याले.

मंग त्यानं तिले जाळं शिकवलं. खाटेवर बसून, एका हातानं. अंगणात जाळं फेकाले लावे अन् वरून ओरडे, "रोटी करून राह्यली का मासे धरून राह्यली? गोल पडलं पाहिजे, गोल." ती शिकली. वर्षातून एकदा, तलाव आटत आला का, मच्छीमार सोसायटीची मोठी ओढ होते, सगळे संगं जाळं ओढते. घरामागं एक माणूस पाण्यात उतरते, बाई असो का बुवा, अन् ज्या घरचं माणूस उतरलं त्या घराले वाटा भेटते. तीन सालापासून बापूजीच्या घरून दिव्यानी उतरे. कोनी इचारलं नाई, तू कोन. तिचं जाळं पडलं का लोकं पाहाले थांबत.

तवा ती घरची होती. मासा धरताना, म्हातारा उचलताना, छपराचे कवेलू फेरताना. प्रफुल आला का मंग ती घरची नाई. दवाखान्यात नर्सबाईनं इचारलं पेशंटसंगं कोन हाय, तर दिव्यानी तोंड उघडाच्या आत प्रफुल म्हणे, "ते शेजारची हाय बाई, मदतीले आली."

प्रफुल वाईट माणूस नव्हता, हेच तर वाईट. वाईट असता तर दिव्यानीनं केव्हाचीच टामी काढली असती. बाप मेला तर तो लहान पोरासारखा रडला. दिव्यानीचा पंप बिघडला तवा त्यानंच चंद्रपूरहून वायसर आणून देल्ला. पण चार लोकात तिचं नातं सांगाची पाळी आली का त्याच्या जिभेले लकवा होये.

अन् त्याच्या हातात एक हत्यार होतं. कोर्ट.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला. दिव्यानी फाट्यावर ट्रॅक्टरचा टायर खोलून बसली होती. मोबाईल विटेले टेकवून उभा. उर्वशी बाजूले, हात जोडून, जशी काही दहावीचा निकाल लागून राह्यला. लय वेळ इंग्रजी चाललं. मंग खालच्या पट्टीवर मराठीत आलं, अशा लग्नाले मान्यता नाई, कायदा कराचा तर संसदेनं करावा.

उर्वशी म्हणे, "म्हणजे नाई म्हटलं का मंग सांगतो म्हटलं?"

"ऑफिसात म्हणते ना, साहेब नाई, उद्या या. तसं म्हटलं," दिव्यानी म्हणे, अन् ट्यूबवर सोल्यूशन लावाले लागली. त्या दिवशी तिनं तीन ठिगळं वाकडे लावले.

पुढच्या वर्षी आयकलं का दिल्लीहून निघालं, असे दोघं संगं राहात असन तर रेशनसाठी एकच घर धरा. बँकेत खातंबी संगं काढता येते म्हणे. दिव्यानी म्हणे वा रे वा. तांदूळ खातपर्यंत घर. तांदूळ संपला का दोघी परक्या.

तर असं चालून होतं, अन् बापूजी गेला.

मातीले लोकं गेले, आले. दिव्यानी दुपारपर्यंत परकीसारखी राबली. मंग तिनं हातातला गंज आशाबाईच्या ओट्यावर ठेवला, घरात गेली, अन् उर्वशी अन् गोकुळाच्या मधात चटईवर बसली. रुपालीनं काही म्हटलं तर आयकू न आल्यासारखं केलं. त्या दिवसापासून तिनं कशाले हात लावला नाई. डोक्याले तेल नाई. खाली चटईवर झोपणं. आशाबाईनं आणून देल्लं तर खाणं.

तिसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला फाट्यावर दुकान बंद पाहून घरीच आला. चाक बसलं होतं त्याचं. ओळखीचा होता, दाराशी उभा राहून म्हणे, "दिव्यानी, चाल ना, पाच मिनिटाचं काम हाय."

"हात लागत नाई. सुतक हाय."

"अरे. कोन गेलं?"

अंगणात प्रफुल उभा होता.

"सासरा," तिनं म्हटलं.

ट्रॅक्टरवाल्यानं एकदा प्रफुलकडे पाह्यलं, एकदा तिच्याकडे. "बरं मंग," म्हणे अन् निघाला. त्याले चाकाची पडली होती, त्याले काय. पण प्रफुलचं तोंड असं झालं, जसं कोनी त्याच्या नावानं गावात दवंडी देल्ली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचा अध्यक्ष पत्रू आला. पत्रूभाऊ पोट सुटलेला, मऊ बोलणारा माणूस, भांडण पाह्यलं का लघवी लागणारा. अंगणात बाजीवर बसून म्हणे, "प्रफुल, वेळ वाईट हाय, पण सांगा लागते. पाणी लयच तपलं. मासा वर येऊन तोंड उघडून राह्यला. आता थांबलं तर सगळा मरन. सोमवारी ओढ हाय."

"आमचं सुतक तर बुधवारपर्यंत हाय," प्रफुल म्हणे.

"म्हणूनच आलो. सुतकाच्या घराले उतरता येत नाई, अन् उतरलं नाई तर वाटा नाई. गावाचा नेम हाय. माहा बाप मेला तवा माह्याबी घराचा गेला होता."

प्रफुलनं डोकं खाजवलं. वर्षाचा वाटा होता तो, तेरवीचा खर्च त्याच्यावरच पडणार होता. मंग त्याचं तोंड उजळलं. दिव्यानी खरंच सांगते, म्हणजे नंतर सांगे, का माणसाच्या तोंडावर बेइमानी सुचताना दिसते.

"दिव्यानीले पाठवतो ना. तिले कुठी सुतक हाय? दरसाल तीच उतरते."

"हौ," पत्रू म्हणे, "थे बी खरं हाय."

दिव्यानी दारातच बसली होती. ती उठून अंगणात आली.

"पत्रूभाऊ, एक सांगा. मी उतरली तर कोनाच्या नावानं?"

"बापूजीच्या घराच्या. हे काय इचारणं झालं?"

"बाहेरच्या माणसाले वाटा भेटते का?"

"छ्या. बाहेरच्याले कायले? घरच्यालेच."

"म्हणजे मी घरची."

"हौ, घरचीच."

"मंग मले सुतक हाय."

पत्रूनं तोंड उघडलं. प्रफुलकडे पाह्यलं. "हौ. म्हणजे नाई. सुतक असलं तर उतरता येत नाई ना वं."

"मंग मी बाहेरची."

"हौ."

"मंग वाटा कायचा?"

पत्रूनं टोपी काढली, आतमधी पाह्यलं, परत घातली. "तू वकील व्हाची होती."

"मले नववी झाली नाई. बोला."

"बापा, मले भाकर खाऊन औषध घ्याचं हाय," पत्रू म्हणे.

प्रफुल मधात आला. "तिच्या नादी लागू नको पत्रूभाऊ. दिव्यानी, आयक. तू केलं बाबाचं, मी नाई म्हणत नाई. पण सुतक रक्ताले अन् लग्नाले लागते. रक्त तुहं राजुऱ्याचं. अन् लग्न झालं का तुमचं? कागद हाय? एवढ्या मोठ्या कोर्टानं नाई म्हटलं. पाच जज बसले होते. मंग सुतक कुठून आणलं तू?"

"तुह्या लग्नाचा कागद दाखव."

"काय?"

"वहिनीले सुतक हाय ना? दाखव कागद. कोन्या कोर्टात केलं होतं? या अंगणात मांडव पडला होता, बापूजीनं सांगितलं मले. बाजेवाला पिऊन पडला होता तेबी सांगितलं. नोंद केली का तुवा?"

प्रफुलनं नोंद केली नव्हती. टोल्यावर कोनीच करत नाई. आत रुपालीच्या बांगड्या वाजल्या.

"आमचं गावानं पाह्यलं," तो म्हणे.

"मंग कोर्ट कायले आणलं मधात? गावाचं बोल. गावानं मलेबी पाच साल पाह्यलं. का गावाचे डोळे फक्त नवरा-नवरी दिसले का उघडते?" आता तिचा आवाज चढला होता. बाजूच्या घरचे लोकं कुडावरून पाहाले लागले. "कोर्ट म्हणते संसदेले इचारा. संसदवाले म्हणते समाज मानत नाई. समाज म्हणते पंचाले इचारा. अन् पंच इथी बसून म्हणते, कोर्टानं नाई म्हटलं. मले असं गोल फिरवून राह्यले तुमी सगळे मिळून, घाण्याच्या बैलावानी. अन् काम आलं का मंग दिव्यानी कुठी हाय, दिव्यानीले बोलवा. म्हातारा हागला, दिव्यानी. कवेलू फुटलं, दिव्यानी. मासा धरा, दिव्यानी. तवा नाई कोनी कागद मागत. मेल्यावर मागते."

पत्रू केव्हाचाच अंगणाच्या बाहेर पोचला होता. जाता जाता म्हणे, "सोमवारी सकाळी. उतरली तर वाटा. मी तेवढंच सांगतो."

त्याच संध्याकाळी उर्वशीनं तिले मागच्या अंगणात गाठलं. उर्वशीचे डोळे सुजलेले, केस चिकट.

"उतर ना वं."

दिव्यानीले वाटलं आपण चुकीचं आयकलं.

"एक दिवसाचं काम हाय. दादाले वाटा भेटला का तो गप बसन. माह्यात दम नाई राह्यला दिव्यानी. बाप गेला माहा. मले रडू तर दे."

"रड ना. मी कुठी अडवलं? मलेबी रडाचं हाय. पण मले परवानगी नाई, मी शेजारची हाय."

"मी म्हटलं का तुले शेजारची?"

"तू म्हटलं नाई. तू काहीच म्हटलं नाई. तुही वहिनी बोलली तवा तू खाली मान घालून होती. दादा बोलला तवा तू आत होती. सगळं मीच बोलाचं अन् तुवा मंग येऊन म्हणाचं, उतर ना वं."

"मी बोलून काय होते?"

"तू बोलल्यावरच तर सगळं झालं होतं. घुग्घुसले तू बोलली नसती तर मी आजबी तिथी टायर खोलत असती." दिव्यानीनं तिच्या गळ्याकडे बोट केलं. "काढ ते डोरलं. वहिनीले दे, तिच्याकडं लग्न हाय, तिले शोभन."

हे बोलाचं नव्हतं. बोलल्यावर तिलेबी कळलं. उर्वशीनं डोरल्याले हात लावला, काढलं नाई, अन् घरात निघून गेली. मंग दोघी एकाच चटईवर एकमेकीकडे पाठ करून झोपाले लागल्या.

सोमवारी सकाळी प्रफुलनं बापूजीचं जाळं कुडावरून ओढून काढलं. स्वतः हात लावला, सुतक असून, एवढा त्याले वाटा पाहिजे होता. जाळं आणलं अन् चटईसमोर टाकलं.

"शेवटचं सांगतो. सारा टोला तलावाच्या पाळीवर उभा हाय. आपल्या घरची जागा खाली हाय."

दिव्यानी गोकुळाच्या बाजूले बसून होती. "हात लागत नाई मले."

"तेरवीले लोकाइले काय वाढू मी? तुहा राग वाढू?"

"वाढ. लय हाय. गावाले पुरन."

तो लाथ मारणार होता जाळ्याले, तेवढ्यात गोकुळा बोलली. म्हातारा गेल्यापासून ती कोनाशी बोलली नव्हती.

"जाळं उचल प्रफुल. सुतकाच्या घरात जाळं उघडं टाकत नाई."

"माय, तिले सांग ना—"

"उचल म्हटलं."

तिनं दिव्यानीची बाजू घेतली का नेमाची, हे कोनाले कळलं नाई. दिव्यानीलेबी नाई.

दिवसभर तलावाकडून आवाज आले. दिव्यानीले आवाजावरूनच समजे काय चालू हाय. सगळे संगं ओरडले का जाळं काठाले आलं. एक जण ओरडला अन् बाकीचे हासले का कोनाचा तरी मरळ हातातून सटकला. तिच्या खांद्याले आतून खाज सुटली होती. बापूजी असता तर खाटेवरून ओरडला असता, काऊन बसली, जाय ना, सगळे मासे ते बिनडोक धरून राह्यले. तिनं बोटं मांडीखाली दाबून ठेवले. तिन्हीसांजेले साऱ्या टोल्यावर मासोळी तळल्याचा वास सुटला. एका घरून नाई सुटला. आशाबाई भात अन् वरण घेऊन आली, अन् तिच्याबी पदराले वास होता. रुपालीनं आपलं ताट बाजूले सरकवून देल्लं.

बुधवारी दसवा होता. घरचे सगळे तलावाच्या घाटावर. एकीकडं बुवा, एकीकडं बाया. बुवाइचं डोकं न्हावी करे, बायाइचे नखं काढाचं काम आशाबाईकडं. नखं काढले, डोकं धुतलं, तीन बुडक्या मारल्या का सुतक फिटलं. पंच म्हणून पत्रू वरच्या पायरीवर छत्री घेऊन बसला होता.

आशाबाईनं गोकुळाचे नखं काढले. उर्वशीचे काढले. रुपालीचे काढले. मंग उर्वशीच्या बाजूले बसलेल्या दिव्यानीनं हात पुढं केला.

"तिचे कायले?" रुपाली म्हणे.

आशाबाईचं पातं थांबलं. पलीकडून प्रफुल ओरडला, अर्धं डोकं बोडलेलं, साबणानं भरलेलं, "आशाबाई, घरच्याचेच फक्त."

दिव्यानीचा हात तसाच पुढं. काळे नखं, ग्रीस बसलेले, दहा दिवसाचे वाढलेले. ती ठरवून आली होती, का नाई म्हटलं तर आज या घाटावर एकाएकाले ऐकवाचं, पत्रूपासून सुरुवात कराची.

तिच्या आधी उर्वशी बोलली. मोठ्यानं नाई. "तिचे नाई काढले तर माहं सुतक फिटलं असं म्हणू नका. मी तशीच सुतकात राहीन. वर्षभर राहीन. आपल्या घरात चूल पेटू देणार नाई मी, बसून राहीन उंबऱ्यावर."

"पत्रूभाऊ, सांगा ना हिले," प्रफुल म्हणे.

पत्रू पायरीवरून उठला, बसला. त्याले तिथून कुठी पळता येत नव्हतं, समोर पाणी होतं. मंग त्यानं छत्री बंद केली.

"उतरली नाई ते," म्हणे.

"काय?"

"सोमवारी उतरली नाई. साऱ्या टोल्यानं पाह्यलं. हिच्यासारखं जाळं इथी कोनाचंच पडत नाई. मी दोनदा माणूस पाठवला, म्हटलं येईल, मासा सोडून कोन राहाते? बाहेरचं माणूस असतं तर उतरलं असतं. सुतक नसताना ढिवराच्या घरी कोनी ओढ सोडली, असं म्या आजपर्यंत पाह्यलं नाई." त्यानं तोंड पुसलं. "सुतक होतं तिले. काढ आशाबाई."

"पत्रूभाऊ, कोर्टानं—"

"कोर्टानं लग्नाचं सांगितलं. तलावाचं नाई सांगितलं. लग्नाचं मी काही बोलून नाई राह्यलो बाप्पा, मले त्यात घेऊ नका. सुतकाचं बोलून राह्यलो."

दिव्यानी म्हणे, "लग्नाचंबी बोला ना मंग. सुतक हाय पण लग्न नाई, तर सुतक कायचं लागलं मले?"

पत्रूनं छत्री परत उघडली.

"हालू नको," आशाबाई म्हणे, अन् तिचा हात घट्ट धरला. "माहे डोळे कमजोर हाय. बोट कापलं तर पंचाले सांगू नको."

एकेक नख पायरीवर पडलं. रुपालीनं तोंड फिरवलं. मंग चौघी पाण्यात गेल्या. पाणी वरून तपलेलं अन् खाली थंड, पायाखाली चिखल. दिव्यानीनं नाक धरून बुडक्या मारल्या. तिसऱ्या बुडकीत ती खालीच थांबली जरा वेळ. तिथी कोनाले दिसत नव्हतं, तर जे दहा दिवस झालं नव्हतं ते तिनं तिथी केलं. वर आली तवा सगळ्याइचेच तोंड ओले होते.

घाट चढताना प्रफुल बाजूनं गेला. थांबला. म्हणे, "झालं ना समाधान? आता तेरवी झाली का घराचं बोलू. घर माह्या नावानं होईन, नेमानं. उर्वशीचं पाहू काय पाहाचं ते. तुहं त्यात काही येत नाई, समजून ठेव."

"बोलू," दिव्यानी म्हणे. "तवाबी मी बसलेलीच राहीन चटईवर."

तो पुढं निघून गेला. गोकुळा रुपालीचा खांदा धरून हळूहळू चालत होती. उर्वशी मागं राह्यली, लुगड्याचा पदर पिळत. बऱ्याच दिवसानं तिनं दिव्यानीकडे सरळ पाह्यलं.

"राग गेला का?"

"नाई."

"माह्यावरचा?"

दिव्यानीनं चप्पल पायात घातली. एकीचा पट्टा तुटला होता, तिनं ती हातात घेतली.

"तुह्यावरचा उद्यापर्यंत जाईल," ती म्हणे. "बाकीच्याइचा नाई जात."